लढाई न पाहिलेला युद्धइतिहासकार

प्रश्न: जॉन कीगन युद्धावर एवढं लिहायचा, तो स्वतः सैन्यात होता का हो?

उत्तर: नाही हो, गंमत तीच तर आहे! लहानपणी हाडांचा टीबी झाला, पाय कायमचा अधू, मग सैन्यात कोण घेणार, पण १९६० पासून सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत पंचवीसेक वर्षं भावी ऑफिसरांनाच युद्धाचा इतिहास शिकवला. १९७६ च्या ‘द फेस ऑफ बॅटल’ या पुस्तकात सुरुवातीलाच कबूल करून टाकतो की मी लढाई बघितलेली नाही. आणि मग अ‍ॅजिनकोर्ट, वॉटर्लू, सोम या तिन्ही लढायांत सेनापतीच्या नकाशाऐवजी साध्या शिपायाला काय दिसलं ते, म्हणजे चिखलात घसरणारे चिलखतवाले, मागच्यांच्या रेट्याने पुढचे पडतायत वगैरे. पुढे १९८६ ला डेली टेलिग्राफ या ब्रिटिश वृत्तपत्रात संरक्षण वार्ताहर झाला. मला विचाराल तर अ‍ॅजिनकोर्टचं प्रकरण आधी वाचा.