डिस्चार्ज कार्डावर 'डीजे' लिहिलंय का, ते आधी बघा

लेसरने मूतखडा फोडून आठ दिवस झाले, तरी लघवी करताना कुशीत कळ जाते, म्हणजे खडा आत राहिला का, असं तुम्ही विचारलंय. माझा खडा लेसरने फोडला तेव्हा मीही हेच धरून बसले होते. बऱ्याचदा हा प्रताप खड्याचा नसतो, आत ठेवलेल्या डीजे स्टेंटचा असतो. म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवलेली, साधारण वीतभर लांब, दोन्ही टोकांना वेटोळं असलेली मऊ नळी. लघवी करताना दाब या नळीतून उलटा वर किडनीकडे जातो, म्हणून कळ. सारखं लागणं आणि लालसर लघवी हीसुद्धा तिचीच देणगी. (मी डॉक्टर नाही. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर इथे उत्तराची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.)

माझी घोडचूक अशी, की टाके विरघळतात तशी नळीही विरघळेल असं मी परस्पर ठरवून टाकलं. कार्डावर एका ओळीत 'डीजे स्टेंटिंग' एवढंच होतं, काढायची तारीख नव्हती. फोन करून विचारलं, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "लेसर झालंय ना? मग परत यायची गरज नाही." आणि मला ते पटलं! लेसर या शब्दानेच माणूस भुलतो. टाके नाहीत, म्हणजे विषय संपला. त्या काउंटरला मी अजून माफ केलेलं नाही.

दोनतीन आठवड्यांत निघायला हवी होती ती नळी माझ्या पोटात पाच महिने राहिली. त्रास अंगवळणी पडला होता, म्हणून लक्षातच आलं नाही. शेवटी वरच्या वेटोळ्यावर क्षार साचून ती ओढूनही निघेना. पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन. गंमत म्हणजे तो थर फोडायलाही तोच होल्मियम लेसर. त्याची 2100 नॅनोमीटरची किरणं पाणी लगेच शोषून घेतं, परिणाम जेमतेम अर्धा मिलिमीटर पोचतो, म्हणून खडा फुटतो आणि जरा अंतर राखलं तर शेजारची भिंत वाचते. यंत्राबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नंतर ट्रेमध्ये नळी दाखवली, तर गीझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा, खरखरीत थर होता.

वेळेत काढली तर बहुतेकांचं काम बधीर करणारी जेली लावून, दुर्बिणीने, काही मिनिटांत होतं. तोवर त्रास फार असेल तर टॅमसुलोसिन या मूत्रमार्ग सैल करणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा, मनाने घेऊ नका. आणि हो, लघवीतून तुकडे पडले तर गाळून ठेवा. खडा कशाचा आहे ते तपासल्याशिवाय पथ्य सांगणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

कार्ड शोधा, तारीख नसेल तर काउंटरला नाही, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच विचारा, आणि काय म्हणाले ते इथे लिहा.