‘छान’ म्हणजे नेमकं काय छान?

कामाच्या ठिकाणी हाताखालच्या लोकांचं कौतुक कसं करावं, याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : मशीन शॉपचा सुपरवायझर आहे, हाताखाली २२ ऑपरेटर. ट्रेनिंगमध्ये सांगितल्यापासून रोज राउंडला प्रत्येकाला ‘व्हेरी गुड, असंच चालू ठेव’ म्हणतो. पहिले आठ दिवस त्यांना बरं वाटलं. आता मान हलवतात आणि पुढचा पीस चढवतात. रिजेक्शन होतं तेवढंच आहे. माझं काय चुकतंय? (चाकण)

‘असंच’ म्हणजे कसं, हे ऑपरेटरला कळत नाही. सकाळपासून त्याने पन्नास गोष्टी केल्या, त्यातली कुठली तुम्हाला आवडली? शिवाय ज्याचे पीस परत आले त्यालाही तुम्ही तेच वाक्य दिलंत. प्रसाद सगळ्यांना सारखा वाटतात, शाबासकी तशी वाटली की ती कुणालाच मिळत नाही.

वाक्यात तीन गोष्टी हव्यात : कधी घडलं, माणसाने काय केलं आणि त्यामुळे काय साधलं किंवा टळलं. उदाहरणार्थ : ‘काल सेकंड शिफ्टला इन्सर्ट बदलल्यावर तू लगेच मशीन पळवलं नाहीस. पहिले पाच पीस मोजलेस, बोअर ०.०२ मिलिमीटर मोठा येतोय हे धरलंस आणि ऑफसेट मागे घेतलास. नाहीतर अख्खा लॉट स्क्रॅपला गेला असता.’ इन्सर्ट म्हणजे मशीनचं कापणारं, बदलता येणारं पातं, बोअर म्हणजे पीसमधलं भोक आणि ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती. झिजत्या इन्सर्टसाठी वाढवत नेलेला ऑफसेट तसाच राहिला की नवा इन्सर्ट बोअर मोठा करतो, आणि मोठ्या झालेल्या बोअरला रिवर्कही नसतं. हे ऑपरेटरला ठाऊक असतं. ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि तुम्ही त्याचं काम पाहिलंत, हे त्याला या वाक्यातून समजतं. शेजारच्या मशीनवरचा कान देऊन ऐकत असतो, त्याला पाच पीस मोजायचा धडा फुकट मिळतो.

आता रोजची पद्धत. खिशात छोटी डायरी ठेवा, त्यात २२ नावं. राउंडला दिसलेली गोष्ट तारीख घालून एका ओळीत लिहा. दिवसाला दोघांशी बोला, जास्तीत जास्त तिघांशी. साधारण दोन आठवड्यांत सगळ्यांपर्यंत पोचता येतं. शनिवारी डायरी चाळून कुणापुढे काहीच लिहिलेलं नाही ते पाहा. एक तर त्याचं काम खरंच तसं नाही, नाहीतर तुम्ही त्या कोपऱ्यात फिरकतच नाही. बहुतेक वेळा दुसरंच कारण निघतं, कारण जिथे मशीन बंद पडत नाही आणि तक्रार येत नाही तिकडे सुपरवायझरचं काम पडत नाही. नाइट शिफ्टचंही तसंच. त्यांचं काम डोळ्यांना दिसत नाही, ते फर्स्ट पीस रिपोर्टमध्ये आणि हँडओव्हरच्या वहीत शोधावं लागतं.

बोलायचं ते त्याच शिफ्टला, फार तर दुसऱ्या दिवशी. महिन्याने सांगितलं तर त्याला प्रसंगच आठवत नाही. मशीनच्या आवाजावर ओरडून सांगू नका, चहाच्या सुट्टीत अर्धा मिनिट पुरतं. नव्या ट्रेनीला पहिला महिना रोज काहीतरी सांगा, कारण आपलं बरोबर आलं की नाही हेच त्याला ठरवता येत नसतं. पंधरा वर्षं झालेल्या ऑपरेटरला मात्र ‘गेज नीट धरलास’ म्हणालात तर त्याला राग येईल, आणि तो रास्त असेल.

‘तू हुशार आहेस’ हे वाक्य शक्यतो टाळा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हुशारीची स्तुती झालेली मुलं आकृत्यांच्या अवघड कोड्यांत अपयश आल्यावर खचली, मेहनतीची स्तुती झालेली चिकटून राहिली. शाळेतला प्रयोग जसाच्या तसा शॉप फ्लोअरवर लागू होत नाही, पण एवढं खरं की एकदा ‘हुशार’ ठरलेला माणूस अडला की विचारायला येत नाही.

प्रश्न : पतसंस्थेत शाखा व्यवस्थापक आहे. आधी कौतुक, मग चूक, शेवटी पुन्हा कौतुक, अशी पद्धत शिकवली गेली. एका टीकेमागे तीन कौतुकं असं प्रमाणही सांगितलं. पाळावं का? (सातारा)

दोन्ही सोडून द्या.

‘तुमची वसुली उत्तम आहे, पण…’ या वाक्यातला ‘पण’ आधीचं सगळं पुसून टाकतो. असं चार-पाच वेळा झालं की तुम्ही ‘उत्तम’ म्हणताच माणूस सावरून बसतो, आता काहीतरी येणार म्हणून. मग ज्या दिवशी तुम्ही फक्त कौतुकच करायला जाता, त्या दिवशीही तो शेवटपर्यंत ‘पण’ची वाट पाहत राहतो. उलटंही घडतं : गोड बोलण्यात चूक बुडून जाते आणि माणूस खूश होऊन घरी जातो. तीन कर्ज प्रकरणांत जामीनदाराची सही राहिली असेल तर तेवढंच सांगा, ‘या तीन फायली, चार वाजेपर्यंत सह्या हव्यात.’ वसुलीचं वेगळ्या दिवशी, पूर्ण सांगा : ‘थकबाकीदाराच्या दारात नुसत्या चकरा न मारता तुम्ही त्याच्या उसाच्या बिलाची तारीख काढलीत आणि त्याच आठवड्यात गेलात. म्हणून दोन हप्ते एकदम आले.’

प्रमाणाचा किस्सा मजेशीर आहे. बार्बरा फ्रेडरिकसन आणि मार्शल लोसाडा यांनी २००५ मध्ये सकारात्मक आणि नकारात्मक भावनांच्या प्रमाणासाठी २.९०१३ असा दशांशाच्या चार स्थळांपर्यंतचा आकडा मांडला होता. निकोलस ब्राउन, अ‍ॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्यामागचं गणित निराधार असल्याचं २०१३ मध्ये दाखवलं, आणि मूळ लेखातला गणिताचा भाग मागे घेतला गेला. व्यवहारात पाहिलं तरी, मोजून कौतुक करणाऱ्याला तिसरं कौतुक कुठून तरी हुडकून आणावं लागतं आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं.

याच संदर्भात एक जुना निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अ‍ॅव्रॅहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. कामाबद्दल अभिप्राय दिल्यावर सरासरीने काम सुधारलं, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते बिघडलं. त्यांचं स्पष्टीकरण असं, की अभिप्रायामुळे माणसाचं लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं की परिणाम उतरतो. ‘तुम्ही फार प्रामाणिक आहात’ यापेक्षा ‘कॅश जुळेना तेव्हा तुम्ही लगेच सांगितलंत’ हे जास्त उपयोगी पडतं, ते याच कारणाने.

प्रश्न : साखर कारखान्यात केमिस्ट आहे, वय २९. आमचे पॅनमन (पॅनमध्ये, म्हणजे मोठ्या बंद भांड्यात, रस आटवून साखरेचा दाणा तयार करणारे) चोपन्न वर्षांचे, माझ्या जन्माआधीपासून पॅनवर आहेत. काम अप्रतिम. पण त्यांना ‘शाबास’ म्हणायला जीभ रेटत नाही. (जि. सांगली)

रेटूही नका. शाबासकी थोराने धाकट्याला द्यायची असते. हुद्द्याने तुम्ही वर असलात तरी पॅनसमोर ते थोर आहेत, आणि पाठ थोपटणारा हात धाकट्याचा असला की ते मनाला लागतं.

अशा ठिकाणी कौतुक प्रश्नातून करावं. ‘मामा, काल रात्री व्हॅक्यूम सारखा खाली-वर होत होता, तरी दोन नंबरच्या पॅनला फॉल्स ग्रेन आला नाही. पाणी कधी द्यायचं हे कशावरून ठरवलंत?’ व्हॅक्यूम पडला की पॅनमधलं तापमान चढतं. तो अचानक परत आला की तापमान उतरतं, संपृक्तता एकदम वाढते आणि नको ते बारीक दाणे, म्हणजेच फॉल्स ग्रेन, उगवतात. ते विरघळवायचे तर पाणी, वाफ आणि वेळ जातो, आणि तसेच राहिले तर सेंट्रिफ्यूगलवर मोलॅसिस नीट सुटत नाही. काचेवर नमुना घेऊन दाणा पाहणाऱ्या माणसाने हे कसं टाळलं, असं तुम्ही विचारलंत, म्हणजे काय टळलं ते तुम्हाला कळलंय, एवढं त्यांना पुरतं.

ते बहुधा म्हणतील, ‘त्यात काय एवढं!’ त्यावर ‘नाही नाही, खरंच’ करत बसू नका. वही काढा आणि ते काय सांगतात ते लिहून घ्या. पुढच्या गळितात नव्या मुलांना शिकवताना ती पद्धत त्यांच्या नावानिशी सांगा. जनरल मॅनेजर राउंडला आले तर ‘कालचा पॅन मामांनी वाचवला’ एवढं एकच वाक्य, मामांच्या देखत. आणि बोलणं कायम अहो-जाहोचं, कौतुक करतानासुद्धा.

प्रश्न : कौतुक केलं की माणसं शेफारतात, असं आमचे मालक म्हणतात. (इचलकरंजी)

माणूस शेफारतो तो हरभऱ्याच्या झाडावर चढवल्याने. ‘तुझ्याशिवाय कारखाना चालत नाही’ असं म्हणालात तर तो त्याच हिशेबाने सुट्टी आणि उचल मागेल. मागावरच्या कामगाराला ‘ताग्यात एकही जाळं (विणीतला दोष) निघालं नाही, तुटलेला ताणा तू लगेच जोडलास’ असं म्हणालात तर त्यातून शेफारण्यासारखं काही निघत नाही.

प्रश्न : हॉटेलात एचआर पाहते. साठ कर्मचारी. ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा फोटो लावतो आणि पाचशे रुपयांचं कुपन देतो. हल्ली कुणाला उत्साह नाही. एक जण तर म्हणाला, ‘फोटो नको मॅडम, पगार वाढवा.’ (नागपूर)

साठ माणसं आणि वर्षात बारा फोटो, म्हणजे अठ्ठेचाळीस जण वर्षभर कोरडे. नाराजी नको म्हणून तीन-चार महिन्यांत त्याची पाळी लागते आणि ‘या खेपेला कुणाचा नंबर?’ अशी चेष्टा सुरू होते. तुमच्याकडे आणखी एक गोष्ट होत असणार : फोटो फ्रंट ऑफिसवाल्यांचेच जास्त लागत असतील. पाहुणे रिव्ह्यूमध्ये त्यांचीच नावं लिहितात, भांडी घासणारा त्यांना दिसतच नाही.

एकाला निवडणं बंद करा. प्रत्येक विभागाची एक-दोन मापं आधीच सांगून ठेवा, जसं खोली पहिल्याच तपासणीत पास होणं किंवा बँक्वेटच्या रात्री क्रॉकरीची फूट. माप गाठेल त्या प्रत्येकाचं नाव सकाळच्या ब्रीफिंगमध्ये घ्या, मग एका दिवशी सात नावं असोत नाहीतर शून्य. कुपनचा हट्ट सोडलात तरी चालेल. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगांत कोडी सोडवायचे पैसे मिळालेल्यांचा, पैसे थांबल्यावर कोड्यांतला रस घटला. नुसतं तोंडी कौतुक झालेल्यांचा घटला नाही.

मात्र पगाराचं ते वाक्य हसण्यावारी नेऊ नका. कौतुक ही पगाराची जागा भरून काढणारी वस्तू नाही, आणि तुटपुंज्या पगारावर केलेलं कौतुक माणसाला पाणी घातलेल्या दुधासारखं लागतं. वाढ तुमच्या हातात नसेल तर तसं सरळ सांगा. ‘बघू, पुढच्या वर्षी नक्की’ असं म्हणू नका. वर्षभर वाहवा आणि अप्रेझलला ‘सर्वसाधारण’ हा प्रकार तर सगळ्यात वाईट. जे तोंडी सांगितलं ते तारखेसह लिहून ठेवा आणि अप्रेझलच्या कागदावर तेच येऊ द्या.

प्रश्न : बीपीओत टीम लीडर आहे, टीममध्ये निम्म्या मुली. गैरसमजाच्या भीतीने त्यांचं कौतुक टाळतो. (पुणे)

टाळल्याने त्यांचं नुकसान होतं. मुलग्यांची नावं वरपर्यंत पोचतात, यांची फाइल कोरी राहते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लैंगिक अर्थाची शेरेबाजी, नकोसा स्पर्श यांना छळ म्हणतो. कामाबद्दलचं वाक्य त्यात बसत नाही. जे वाक्य तुम्ही मुलाला सर्वांसमोर म्हणाला असता तेच, तसंच म्हणा. कपडे, दिसणं, हसणं यावर बोलू नका, खांद्यावर हात नको, रात्री अकराला खासगी मेसेज नको. आणि पहिल्या उत्तरात सांगितलेली डायरी ठेवत असाल तर ती एकदा या नजरेने चाळा : मुलींपुढे ‘सगळ्यांना सांभाळून घेते’ आणि मुलांपुढे ‘योग्य निर्णय घेतला’ असं तर लिहिलेलं नाही ना?

प्रश्न : कौतुकाचं पत्र दिलं की पुढे कधी चौकशी लागल्यावर कामगार तेच पत्र पुढे करतो. पत्र द्यावं की नाही? (वाळूज)

द्यावं. नमुना स्थायी आदेशांत (कामगारांच्या सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांत) शिक्षा ठरवताना कामगाराचा आधीचा रेकॉर्ड विचारात घ्यायची तरतूद आहे, तेव्हा चांगलं काम केलेल्याने ते दाखवलं तर त्यात गैर काही नाही. अडचण पत्राच्या मजकुराने येते. ‘आपली सेवा सदैव उत्कृष्ट राहिली आहे’ असं सही करून द्यायचं आणि दोन महिन्यांनी त्याच माणसावर सततच्या हलगर्जीचं आरोपपत्र ठेवायचं, मग चौकशी अधिकारी विचारणारच. म्हणून पत्र एका प्रसंगापुरतं ठेवा : तारीख, विभाग, मशीन, त्याने काय केलं, काय वाचलं. पाच ओळी, कामगाराला वाचता येईल त्या भाषेत. ज्याने काम प्रत्यक्ष पाहिलं त्याचीही सही हवी, एकट्या एचआरची नको. २६ जानेवारीला नाव बदलून चाळीस प्रती काढायची प्रथा असेल तर ती बंद करा. एक प्रत वैयक्तिक फाइलला, एक त्याच्या हातात. आणि ती देण्याआधी नावाचं स्पेलिंग आधार कार्डावर पडताळून घ्या, कारण ते पत्र घरी भिंतीवर लागणार असतं.