वाचक विचारतात : बावन्नातून सत्तावीस गेले, पस्तीस कसे उरले?

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी. तिसरी-चौथी मिळून 22 मुले माझ्याकडे आहेत. निम्मी मुले 52 − 27 चे उत्तर 35 लिहितात. दहा वेळा फळ्यावर करून दाखवले, तरी तेच. पुन्हा मुळापासून शिकवायचे तर अभ्यासक्रम कसा संपवू?
— एक सहशिक्षिका

उत्तर : दहाही वेळा गणित तुम्ही केलेत, मुलांनी फक्त पाहिले. आधी एकेकाला जवळ बसवून तोंडाने बोलत सोडवायला सांगा. "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन," असे ऐकू येईल. हा धांदरटपणा नव्हे. मोठ्यातून लहान वजा करायचे, हा पहिलीत शिकलेला नियम मूल इमानाने पाळते आहे. "शेजारून एक उसना घे" म्हटले की ते मान डोलावते. पण तो 'एक' म्हणजे दहा, हे त्याने हातात धरून पाहिलेले नसते.

म्हणून काड्या घ्या. खराट्याच्याही चालतील; दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधा. शाळेत गणित पेटी असेल तर ती कपाटातून बाहेर काढा, झिजू द्या. मुलापुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून सत्तावीस मागा. दोन गठ्ठे ते चटकन देईल आणि सातपाशी अडेल. इथे तुम्ही गप्प बसायचे. रबर त्यानेच सोडायला हवे. गठ्ठा सुटला की सुट्या बारा. सात दिल्या, पाच उरल्या. तीन दिवस फक्त काड्या, वही बंद. पुढचे तीन-चार दिवस काड्या आणि शेजारी लिखाण. मग काड्या काढून घ्या. 50 − 27 त्यानंतर. 302 − 157 अगदी शेवटी, कारण तिथे दशकाच्या घरात शून्य असल्याने आधी शतक मोडावे लागते.

आणखी एक तपासा. 52, 25, 36, 63 या संख्या नुसत्या बोलून लिहायला लावा. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतो, म्हणून काही मुले 25 लिहितात. त्यांचे घोडे वजाबाकीत नाही, संख्यालेखनातच अडले आहे. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आले तेव्हा राज्यभर थट्टा झाली, पण त्यामागची अडचण खरी होती.

वेळेचे म्हणाल तर रोज 45 मिनिटे इयत्ता विसरा. काड्या लागणारी मुले एका शिक्षकाकडे, पुढे गेलेली दुसऱ्याकडे. दर पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा : एका मुलाला 3 मिनिटे, म्हणजे 22 जणांना साधारण तासभर, तो आठवड्यात विभागा. गट बदलत राहिले नाहीत, तर त्यातला एक 'ढ' मुलांचा म्हणून ठरून जातो, आणि मुलांना ते आपल्या आधी कळते.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. सभा म्हणजे चहा आणि रजिस्टरवर सही. आम्ही नेमके काय विचारू शकतो?
— एक पालक

उत्तर : 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा करणे हे समितीचेच काम. रंगरंगोटीच्या आधी अध्यापनाचे तास विचारा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास ठरलेले आहेत. एका साध्या वहीत महिनाभर नोंद ठेवा : कोणता तास बुडाला, कशामुळे. कलम 27 प्रमाणे शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे देता येतात. वही घेऊन बाईंना जाब विचारायला जाऊ नका. बहुधा त्याच सगळ्यात जास्त वैतागलेल्या असतात. ठराव करून तो केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच घ्या.

प्रश्न : पाचवी-आठवीत नापास करायला परवानगी मिळाली, हे बरे झाले ना? मुलांना धाक राहील.
— एक निवृत्त मुख्याध्यापक

उत्तर : शिक्षण हक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत नापास करण्याआधी एक अट आहे : जादा शिकवणी आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा. आपल्याकडे निकाल मेच्या सुरुवातीला लागतो, शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात आणखी उशिरा. म्हणजे त्या दोन महिन्यांतला मोठा भाग सुट्टीतच जातो. मग जादा शिकवणी कोण, केव्हा घेणार? मागे पडलेली मुले पहिल्या सत्राच्या परीक्षेतच दिसतात. त्यांचे जादा तास दिवाळीची सुट्टी संपताच लावा. मेपर्यंत थांबू नका.