“मॅडम, बायकोला सांगणार नाही ना?”

एचआयव्ही तपासणीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न आजाराचा नसतो. ‘घरात कळंल का?’ हा असतो. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं, पण त्या ‘नाही’ला एक अपवाद आहे आणि तो आधीच सांगून टाकावा, या मताची मी आहे. मी तपासणी केंद्रात समुपदेशक आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा एक तिशीतला हमाल. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.) रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. कागदाची घडी घालत घालत त्यानं ती बोटाएवढी केली आणि म्हणाला, “बायकोला सांगायचं नाही. माझी शपथ हाय तुम्हाला.”

शपथ मी घेतली नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा काय म्हणतो ते त्याला साध्या भाषेत सांगितलं. तुमच्या संमतीशिवाय मी हे घरच्यांना किंवा मालकाला सांगू शकत नाही. जोडीदाराचं मात्र वेगळं. तिला लागण होण्याचा मोठा धोका आहे, तुम्ही स्वतः सांगावं म्हणून मी समजावलंय, तरी तुम्ही सांगणार नाही याची माझी खात्री झालीय आणि ‘आता मी सांगणार’ हे तुम्हाला आधी कळवलंय, एवढं सगळं झालं तरच डॉक्टर किंवा समुपदेशक तिला सांगू शकतात. तेही समुपदेशन करून, समोरासमोर. फोनवर नाही.

“म्हंजे शेवटी सांगणारच की!”

कायद्यात ‘सांगू शकतात’ असं आहे, ‘सांगितलंच पाहिजे’ असं नाही. तिथून पुढचं काम नीतीचं. काही जण हे कलम धमकीसारखं वापरतात. मला ते पटत नाही. घाबरलेला माणूस पुन्हा केंद्रात फिरकत नाही आणि मग औषधंही सुटतात. आणि बाई पॉझिटिव्ह असेल, तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर नवऱ्याला सांगायचं नाही, असं हाच कायदा बजावतो. गरोदरपणातल्या तपासणीत आधी बाईचंच निदान होतं आणि ‘हिनंच आणलं’ म्हणून खापर तिच्यावर फुटतं, हे पाहिलेल्या कुणालाही या तरतुदीची किंमत कळेल.

त्याच्याशी आम्ही तालीम केली. मी बायको झाले, तो बोलला. “तुझ्याशी बोलायचंय” याच्या पुढं गाडी सरकेना. शेवटी त्यानंच मार्ग काढला: “तिला घेऊन येतो. मीच सांगतो, पण तुम्ही हितंच बसा.”

दरम्यान त्याचा थोरला भाऊ येऊन गेला. “मी सख्खा भाऊ, मला सांगायला काय हरकत?” धाकटा इथं आला होता का, यावरही मी हो-नाही म्हटलं नाही. भाऊ चिडून गेला.

बायको आली. त्यानं सांगितलं, ती रडली, त्याच्यावर भडकलीही. तिची तपासणी निगेटिव्ह आली. लागण झाली तरी सुरुवातीचा काही काळ ती तपासणीत दिसत नाही, त्याला विंडो पीरियड म्हणतात; म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. त्याच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. भावाला सांगायचं का, यावर दोघांचं अजून एकमत नाही. तो म्हणतो सांगू, ती म्हणते अजिबात नको.