वाचकांचे प्रश्न : जन्मदात्यांचा शोध घेताना

प्रश्न : माझे वय ३६ असून मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. तान्ही असताना बेळगावच्या एका संस्थेतून आई-बाबांनी मला दत्तक घेतले, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. बाबा आता नाहीत. त्यांच्या कपाटात न्यायालयाच्या आदेशाची झेरॉक्स सापडली, पण तीत जन्मदात्यांचे नाव नाही. माझा मामेभाऊ सरकारी नोकरीत असून ओळखीने फाइल काढून आणतो म्हणतो. शोध घेण्याचा मला अधिकार आहे का? आईची परवानगी लागते का?

उत्तर : ताई, शोधासाठी अर्ज करण्याचा अधिकार आपल्याला आहे. १८ वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजेच ‘कारा’कडे, स्वतंत्रपणे ऑनलाइन अर्ज करता येतो, अशी तरतूद २०२२ च्या दत्तक नियमावलीत आहे, दत्तक पालकांसह संयुक्त अर्ज करावा लागतो तो १८ वर्षांखालील मुलांना. त्यामुळे आईची परवानगी लागत नाही. तरीही, जिने ही गोष्ट आपल्यापासून कधी लपवली नाही, तिला ती पोस्टाने आलेल्या पाकिटावरून कळू नये, असे मला वाटते. शिवाय संस्थेत तेव्हा कोण भेटले, काय सांगितले गेले, हे आठवणारे माणूस आता घरात तेवढेच उरले आहे.

मामेभावाला मात्र थांबवावे. त्रयस्थाने शोध घेण्यास नियमावलीत स्पष्ट मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. त्या फाइलमध्ये कदाचित अशा एका स्त्रीचे नाव असेल, जिने आज ज्यांच्यासोबत संसार केला आहे त्यांना यातले अवाक्षरही सांगितलेले नाही. आणि कचेरीतून फुटलेली बातमी आपल्याकडे गावात पोहोचायला संध्याकाळही लागत नाही.

आता हातातला आदेश नीट वाचावा. आपल्या जन्माच्या सुमारास संस्थेतील मूल हिंदू कुटुंबात दत्तक देताना संस्था पालक या नात्याने हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम ९(४) प्रमाणे न्यायालयाची पूर्वपरवानगी घेत असे. (ख्रिस्ती वा मुस्लिम कुटुंब असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्वाचा आदेश होई.) आदेशात जन्मदात्यांचे नाव नसले, तरी मूळ अर्जाला जोडलेल्या कागदांत काही धागा असू शकतो : आईने मूल स्वाधीन केल्याचे पत्र, दवाखान्यातील बाळंतपणाची नोंद, मूल बेवारस सापडले असल्यास पोलिसांकडील नोंद. आदेशाच्या माथ्यावर प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष असते. ते टिपून घेऊन न्यायालयाच्या नक्कल विभागाकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करता येतो, मात्र गोपनीय कागद मिळतीलच असे नाही. संस्था चालू असेल तर तिच्याकडे, बंद पडली असेल तर बेळगावच्या जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे लेखी विचारणा करून पोच घ्यावी. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत दिलेला सोयीचा पडतो.

सीमाभागात आणखी एक गुंता असतो. चंदगड, गडहिंग्लजकडच्या लोकांना मोठा दवाखाना म्हणजे बेळगावच जवळचे. त्यामुळे आपला जन्म कर्नाटकात झाला असला, तरी स्वाधीनपत्रावरचा पत्ता कोल्हापूर जिल्ह्यातला निघू शकतो. दोन राज्यांच्या कचेऱ्यांत स्वतः हेलपाटे घालण्यापेक्षा ‘कारा’कडील अर्ज अशा वेळी उपयोगी पडतो, कारण ती केंद्रीय यंत्रणा आहे. जुन्या कागदांवर ‘बेळगाव’ आणि नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’ असले, तर त्याने घाबरून जाऊ नये.

हाती काय लागेल, याचा अंदाज आधीच बांधलेला बरा. मूल देताना जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवण्याची मागणी केली असेल, तर त्यांची संमती विचारली जाते. त्यांनी नकार दिला किंवा त्यांचा ठावठिकाणा लागला नाही, तर मूल कोणत्या कारणाने आणि कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले, एवढे सांगितले जाते. त्यांच्या खासगीपणाचा हक्क आपल्या हक्काने मोडत नाही. बेवारस सापडलेल्या मुलाबाबत तर मुळात नावच नसण्याची शक्यता अधिक. घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून करायच्या डीएनए चाचण्यांवरही फार विसंबू नये; त्या कंपन्यांच्या संग्रहात भारतीयांचे प्रमाण कमी असल्याने जवळचा नातेवाईक सापडणे अवघड असते.

प्रश्न : मी निपाणीचा. मला कोणत्याही संस्थेतून नव्हे, तर घरगुती दत्तकविधी करून घेतले, असे सांगतात. मी कुठे चौकशी करावी? शोध घेतल्याने दत्तक घराण्यातील माझ्या वाट्याला बाधा येईल का?

उत्तर : आपल्या बाबतीत ‘कारा’कडे कागद असण्याची शक्यता फार कमी. सब-रजिस्ट्रार कचेरीत दत्तकपत्राची नोंदणी झाली आहे का, हे सूचीत पाहावे. नोंदणीकृत दत्तकपत्रावर मूल देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोघांच्याही सह्या असतात, तेव्हा ते सापडले तर नाव समोरच येईल. दत्तकपत्र झालेच नसेल, तर आपण पहिलीत ज्या शाळेत गेलात तिथले जनरल रजिस्टर पाहावे आणि विधीला हजर असलेल्या भावकीतील वडीलधाऱ्यांना, ते आहेत तोवर, विचारून घ्यावे. वाट्याची चिंता नसावी. वैध दत्तकविधानानंतर आपण सर्व दृष्टींनी दत्तक घराण्याचे झालात आणि जन्मदात्यांना भेटल्याने ते बदलत नाही; मात्र जन्मघराण्यातील ज्यांच्याशी विवाह निषिद्ध होता, तो निषेध दत्तक गेल्यावरही कायम राहतो.