मुलाला डायव्हर व्हायचंय, होकार देऊ का?

नमस्कार ताई,

बारावी सायन्स झालेल्या तुमच्या मुलाने तारकर्लीला एकदा स्कूबा केलं आणि आता डायव्हरच व्हायचं म्हणून हट्ट धरलाय. "गॅस रक्तात जातो आणि माणूस लुळा पडतो," असं दीर म्हणाले, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय.

खरं आहे, पण ते टाळता येतं. दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. ३० मीटरवर डायव्हर चौपट दाबाची हवा घेतो आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, चरबीत विरघळत राहतो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे सुटतात. सांधे ठणकतात, मज्जारज्जूला इजा झाली तर पाय जातात. किती खोलीवर किती वेळ थांबायचं, याचे तक्ते ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९०८ मध्येच मांडले. आज ते गणित मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो.

मला जास्त धास्ती वाटते ती श्वास रोखून वर येण्याची. १० मीटरवरून वर येताना छातीतली हवा दुप्पट फुगते. फुप्फुस फाटायला मीटर-दीड मीटरही पुरतो. शिवाय ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू लागते: गेजवरचा आकडा दिसतो पण डोक्यात शिरत नाही, आणि वाटायला हवी ती भीतीही वाटत नाही. थोडं वर आलं की उतरते, पण वर यायचं सुचलं पाहिजे ना!

म्हणून मुलाचं धाडस बघू नका. पर्यटक "अजून पाच मिनिटं" म्हणून खुणावत असताना हा ठामपणे वर चलायची खूण करेल का, ते बघा. तसा स्वभाव असेल तर माझा होकार आहे.

आधी मेडिकल. दमा, फिट्स, कानाचा पडदा, पूर्वी कधी फुप्फुस कोलमडलं असेल तर तेही, डॉक्टरांपासून काहीच लपवू नका. मग तारकर्लीलाच एमटीडीसीच्या प्रशिक्षण संस्थेत १८ मीटरपर्यंतचा पहिला कोर्स. बॉम्बे हायसारख्या तेलक्षेत्रातलं काम वेगळं. तिथल्या खोल कामाला डायव्हर कित्येक दिवस दाबाच्या चेंबरमध्ये राहून हेलियममिश्रित ऑक्सिजन घेतात. बाहेर यायलाही दिवस लागतात. त्या पगाराकडे बघून आत्ताच धावू नये.

बी.एस्सी.चा प्रवेश मात्र घेऊन ठेवा. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंदच असतं. मेडिकलचा रिपोर्ट आला की कळवा, पुढचं त्यावर ठरवू.