न्येपीच्या आदल्या संध्याकाळी खोलीत बसू नका

गर्दीचा कंटाळा आहे आणि बालीच्या तारखा नेमक्या न्येपीवर आल्यात, म्हणून तिकीट रद्द करताय? नका करू. न्येपी म्हणजे तिथलं शक नववर्ष, बहुधा मार्चमध्ये येतं. त्या दिवशी सकाळी 6 पासून 24 तास अख्खं बेट बंद, विमानतळसुद्धा. हॉटेलबाहेर पाऊल टाकलंत तर पचालांग, म्हणजे गावचे राखणदार, परत पाठवतात. शांतता हवी होती ना? घ्या पोटभर!

पण आदली संध्याकाळ चुकवू नका. ओगोह-ओगोह नावाचे राक्षसांचे अक्राळविक्राळ पुतळे बांबूच्या चौकटीवर चढवून पोरं खांद्यावर घेतात आणि चौकात आलं की सगळं धूड गरगर फिरवतात. झांजा-ढोलांचा दणका असा, की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. कडेला उभे राहिलात तरी मजा येते. जा बिनधास्त. फक्त चौकटीच्या कोपऱ्यांपासून लांब राहा. वळताना बांबू सरळ तोंडावर येतो.

देवळात जायचं असेल तर सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, नेसून कमरेला पट्टा बांधा. आणि खाण्यापिण्याचं सामान दुपारीच आणून ठेवा, मिरवणुकीनंतर दुकान उघडं मिळेलच असं नाही.